‘बंद’ हा शब्द हिंगण्यात स्वस्त नाही

२४ डिसेंबरला ग्राहक दिन असतो. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. गेल्या ग्राहक दिनी नागपूरशेजारच्या हिंगण्याजवळ एका सभागृहात व्याख्यान होतं आणि मी मागच्या रांगेत बसलो होतो. वक्ते अभ्यासू होते, बोलत छान होते. बोलता बोलता ते ‘दुकान बंद करणे आहे’ या पाटीवर आले. म्हणाले, अशा सेलला झुंबड करणारा ग्राहक लोभी असतो. लोभी माणूस फसला तर दोष दुकानदाराला का द्यायचा? पुढे म्हणाले, समजा दुकान खरोखरच बुडत असेल, तर तिथे स्वस्तात माल उचलायला जाणं म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं. आणि शेवटी हसून म्हणाले की त्या पाटीचं एवढं मनावर काय घ्यायचं, ती बाजाराची बोली आहे, ती खरी नसते हे शेंबड्या पोरालाही कळतं. सभागृहात टाळ्या पडल्या.

त्या टाळ्या मला अजून टोचतात, म्हणून हे लिहितो आहे. वक्त्यांचं नाव घेत नाही, कारण हे मत त्यांचं एकट्याचं नाही. आपल्या घरांत, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत हेच बोललं जातं, आणि बोलणाऱ्याला आपण शहाणे आहोत असं वाटतं.

पाटी खोटी असते हे सगळ्यांना ठाऊक असेल, तर तिला भुलून कोणी येणार नाही. कोणी भुललंच नाही तर फसलेला लोभी कोण? आणि दुकान मरतच नसेल तर मढं कोणाचं, लोणी कुठलं? ही तीन विधानं एका व्याख्यानात शेजारी बसली, तरी ती एकमेकांना खोडतात. त्यांना बांधून ठेवणारा धागा एकच आहे: काहीही झालं तरी चूक विकत घेणाऱ्याची.

विकत घेणारी कोण असते ते मी पाहिलं आहे. आमच्या शेजारच्या ताई एमआयडीसीतल्या एका कंपनीत ठेक्यावर पॅकिंगचं काम करतात. डिगडोहकडच्या वस्तीत दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर. नागपूरचा मे महिना टिनाखाली काढणं म्हणजे काय, हे ज्याने काढला आहे त्यालाच कळेल. पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि टिन रात्री अकरापर्यंत तापलेलं राहतं. घरात म्हातारी सासू. गेल्या एप्रिलमध्ये बिशीचे पैसे हाती आले आणि ताईंनी हिंगणा रोडवरच्या एका दुकानातून कूलर घेतला. दुकानावर भलामोठा कापडी फलक होता: ‘दुकान बंद करणे आहे, शेवटचे ५ दिवस.’ नऊ दिवसांत पंप जळाला, टाकीतून पाणी गळायला लागलं. त्या परत गेल्या. दुकान सुरू, फलक जागेवर, आणि उत्तर मिळालं, ‘सेलच्या मालाची जबाबदारी नाही.’ बिल म्हणून हातात होती ती एक कच्ची चिठ्ठी, दुकानाच्या नावाशिवाय.

मी ताईंना विचारलं होतं, हे दुकान कशाला निवडलं? त्यांचं उत्तर मला त्या व्याख्यानात आठवत राहिलं. ‘भाऊ, मी काही हौसेनं नाही गेली. नागपुरात बर्डीवर तसाच कूलर बासष्टशेचा होता, इथं पंचेचाळीसशे सांगून राहिले होते. मी विचारलं ना, एवढा स्वस्त काहून? तर पोरगं म्हणे, दुकान बंद होऊन राहिलं ताई, पाटी नाही दिसली का? मला पटलं. आमची कंपनी बंद झाली तेव्हा मशिनी अशाच गेल्या, भंगाराच्या भावात. डोळ्यानं पाहिलं मी.’

यात लोभ कुठे आहे? ताईंनी नेमका तो प्रश्न विचारला जो शहाण्या ग्राहकाने विचारावा: हे स्वस्त का? लोभी माणूस हा प्रश्न विचारतच नाही. त्याला किंमत दिसली की पुरे. ज्याला शंका येते, जो थांबतो, जो भाव दोन ठिकाणी विचारून आलेला असतो, त्याची शंका मिटवण्यासाठी ती पाटी टांगलेली असते. ‘बंद’ हा शब्द स्वस्ताईचं कारण सांगतो. कारण पटलं की सावध माणसाचा हात खिशाकडे जातो. म्हणून माझं म्हणणं असं की ही पाटी सावध माणसालाच अधिक फसवते, आणि आपण त्याच माणसाला लोभी म्हणतो.

ताईंचा तर्क हिंगण्याच्या मातीतून आलेला होता, हे वक्त्यांना दिसायला हवं होतं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि हिंगणा ही त्याच्या विदर्भातल्या जुन्या वसाहतींपैकी एक. ट्रॅक्टरचा मोठा कारखाना इथे आहे, शेकडो लहानमोठी युनिटं आहेत, आणि तितक्याच ओळखीची आहेत ती कुलूप पडलेली फाटकं. माझे वडील त्यातल्याच एका फाटकातून वर्षानुवर्षं आत-बाहेर करत होते. एके दिवशी फाटकावर नोटीस लागली. पुढचे कित्येक महिने घरी काय शिजायचं आणि काय नाही, हे मला आजही सांगता येईल. नागपुरात तर ही आठवण आणखी जुनी आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली; सव्वाशे वर्षांनी, २००२ साली ती कायमची थांबली आणि त्या जागेवर आता मॉल उभा आहे. ज्यांच्या घरातली दोन-तीन माणसं मिलच्या भोंग्यावर उठली-जेवली, त्यांच्यासाठी ‘बंद’ हा शब्द अंगावर घेतलेला आहे. असा शब्द खोटेपणाने फलकावर लिहून त्यावर कूलर विकायचे, आणि ज्याने तो खरा मानला त्याला हसायचं, हे मला सहन होत नाही.

आता ते लोणी.

दुकान खरंच बंद होतं तेव्हा सेलला जाणारा माणूस गिधाड असतो, ही कल्पना कधीच दुकान न चालवलेल्या माणसाची आहे. बंद करणाऱ्या दुकानदाराच्या गळ्याशी उरलेला माल येतो. जागेचं भाडं महिन्यागणिक चढतं. घाऊक व्यापाऱ्याची उधारी फेडायची असते, नोकरांचा हिशेब करायचा असतो. त्यात जीएसटीची नोंदणी रद्द करायची, तर दुकानात शिल्लक असलेल्या मालावर पूर्वी घेतलेली कराची वजावट सरकारला परत भरावी लागते, आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र द्यावं लागतं. म्हणजे न विकलेली प्रत्येक साडी, प्रत्येक कुकर त्याच्यावर दुहेरी ओझं टाकतो. अशा वेळी तीस टक्के कमी भावाने एक साडी नेणारी बाई त्याचं ओझं उतरवत असते. ती आली नाही तर तो माल लॉटमध्ये जातो आणि लॉटवाला भाव करतो तो कापडाकडे न बघता, गठ्ठ्याकडे बघून.

मुंबईतली दोन उदाहरणं जाणत्या वाचकांना आठवतील. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान फेब्रुवारी २०१६ अखेर बंद झालं. टी. एन. शानभागांनी १९४८ साली सुरू केलेला स्ट्रँड बुक स्टॉल फेब्रुवारी २०१८ मध्ये. दोन्ही ठिकाणी शेवटच्या दिवसांत माणसं लोटली. स्ट्रँडची तर ओळखच सवलतीची होती. शानभाग आयुष्यभर पुस्तकं छापील किमतीपेक्षा कमी भावात देत आले. त्या शेवटच्या गर्दीत कॉलेजात असताना तिथून पहिलं पुस्तक घेतलेली माणसं होती. ती स्वस्तात घेत होती आणि निरोपही घेत होती, आणि यात मला काहीच विसंगत दिसत नाही. मयताला जाताना आपण रिकाम्या हाताने जात नाही. बंद होणाऱ्या दुकानातून रिकाम्या हाताने परत न येणं हाही त्याच्याच जवळचा आचार आहे.

तो आचार खोट्या पाट्यांनी कसा नासवला, हे मी हिंगण्यातच पाहिलं. इथल्या रायपूरच्या बाजूला एक कापडाचं दुकान होतं. मालकांना सगळे काका म्हणायचे, मीही. शाळेचा गणवेश तिथूनच, दिवाळीचा शर्टही तिथूनच आणि उधारीची वहीही तिथलीच. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, काकांचे गुडघे गेले, आणि २०२० च्या जानेवारीत लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आल्यापासून पोरीसोरी गाडीत बसून सरळ बर्डी गाठू लागल्या. लॉकडाऊनने उरलंसुरलं संपवलं. काकांनी बंद करायचं ठरवलं. पाटी रंगवून घेतली, ‘दुकान बंद करत आहोत, सर्व माल खरेदी किमतीत.’ आणि पहिल्या आठवड्यात फारसं कोणी फिरकलं नाही.

लोकांना वाटलं, हेही तसलंच. चार बस-थांबे सोडून एका दुकानावर तीच पाटी तिसऱ्या उन्हाळ्यात टांगलेली होती. काकांच्या जुन्या गिऱ्हाइकांनीही पाटी वाचली आणि पुढे गेले. मी दुकानात गेलो तेव्हा ते गल्ल्यावर एकटे बसले होते. म्हणाले, ‘आता पाटीवर काय लिहू बावा? खरंच बंद होऊन राहिलं, असं लिहू?’

शेवटी लॉटवाला आला. काकांच्या सांगण्यावरून, खरेदीच्या निम्म्याहूनही कमी भावात सगळं कापड टेम्पोत गेलं. तो माल कुठे उतरला, ते मला माहीत नाही, पण अशा लॉटचा माल कुठे उतरतो ते बाजारात बसणाऱ्या कोणालाही विचारा. तो दुसऱ्या एखाद्या ‘बंद होणाऱ्या’ दुकानात उतरतो. ज्या खोट्या पाट्यांनी काकांचं गिऱ्हाईक पळवलं, त्याच पाट्यांखाली त्यांचं कापड विकलं जाणं अगदी शक्य आहे. म्हणून मी म्हणतो की खोटी पाटी गिऱ्हाइकाला लुटते त्याआधी ती इमानदार दुकानदाराला लुटते. व्यापारी संघटनांनी हे सगळ्यांत आधी ओळखायला हवं होतं. त्या गप्प आहेत.

उरली ती ‘बाजाराची बोली’. ‘आमच्याकडे सर्वांत गोड आंबे’ ही बोली आहे. गोडी मोजायला कोणी जात नाही. ‘ताजी भाजी, मऊ भाजी’ ही बोली आहे. ‘दुकान ३१ तारखेला बंद होणार’ ही बोली नव्हे, ही माहिती आहे. १ तारखेला ती खरी ठरते किंवा खोटी ठरते, मध्ये काही नसतं. औषधाच्या बाटलीवर लिहिलेली मुदत जशी अलंकारिक नसते, तशीच हीसुद्धा नसते. माणूस त्या माहितीवर निर्णय घेतो: आज उधार काढून घेऊ का, की दिवाळीच्या बोनसपर्यंत थांबू? ताईंनी घेतलेला निर्णयही अशाच माहितीवर होता. पाच दिवस उरलेत असं वाचलं नसतं, तर त्या आणखी दोन दुकानं हिंडल्या असत्या. त्यांचा तो हिंडण्याचा वेळ पाटीने काढून घेतला.

जगात इतरत्र ही गोष्ट केव्हाच निकालात निघाली आहे. युरोपीय संघाच्या २००५ च्या व्यापारी प्रथांविषयीच्या निर्देशाला एक काळी यादी जोडलेली आहे. त्यातल्या प्रथा कोणत्याही परिस्थितीत गैर, त्यांवर वाद नाही. धंदा बंद करणार नसताना किंवा जागा सोडणार नसताना तसं सांगणं हे त्या यादीत स्वतंत्र कलम म्हणून आहे. ब्रिटनने २००८ मध्ये तेच आपल्या नियमांत घातलं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आणि शहरांत तर असा सेल लावण्यापूर्वी परवाना काढावा लागतो आणि दुकानातल्या मालाची यादी द्यावी लागते, म्हणजे सेलच्या नावाखाली बाहेरून नवा माल आणून भरता येत नाही. ती माणसं आपल्यापेक्षा भोळी आहेत म्हणून त्यांना या कायद्याची गरज पडली, असं कोणी म्हणेल का?

आपलाही कायदा मुका नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि अनुचित व्यापारी प्रथा मक्तेदारीविरोधी (एमआरटीपी) कायद्याच्या १९८४ च्या दुरुस्तीपासून आपल्या कायद्यात आहेत. सध्याचा २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. नेहमीच्या किमतीबद्दल लोकांची दिशाभूल करून स्वस्ताईचा आव आणणं त्यात अनुचित प्रथा ठरतं, बिल न देणंही ठरतं, आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणंही. बिलावर मुदत नसेल तर ही जबाबदारी तीस दिवसांची आहे. ‘सेलचा माल’ असा अपवाद त्यात नाही. जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सांगितलं की कमाल किरकोळ किमतीत सगळे कर धरलेले असतात, म्हणून ‘४० टक्के सूट’ जाहीर करून कमी केलेल्या किमतीवर पुन्हा कर लावणं अनुचित आहे. वेष्टनावरची छापील किंमत झाकून वर चढ्या किमतीची चिकटपट्टी लावायला २०११ च्या नियमांनी मनाई आहे. किंमत कमी करणारी चिकटपट्टी चालते, पण तीही मूळ किंमत झाकून नाही. सेलमध्ये काही घ्यायचं असेल तर ही चिकटपट्टी नखाने उचलून पाहावी. आणि ‘५० + २०’ दिसलं की हजाराची वस्तू चारशेला पडते, तीनशेला नाही, हे मनात पक्कं असावं.

तरीही एक भोक राहिलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन बाजारातल्या तेरा फसव्या युक्त्यांची यादी काढली आणि तिच्यात खोटी घाई निर्माण करण्याला पहिली जागा दिली: ‘फक्त दोनच शिल्लक’, ‘दहा मिनिटांत ऑफर संपणार’ वगैरे. चांगलं केलं. पण मोबाइलच्या पडद्यावर जी लबाडी नावानिशी लबाडी ठरली, तीच हिंगणा रोडवर वीस फुटी कापडावर लिहिली की तिला नाव नाही. ती ‘दिशाभूल’ या मोठ्या शब्दाखाली शोधून सिद्ध करावी लागते. ज्याच्याकडे मोबाइलवर खरेदी करायला पैसे आणि सवय आहे त्याला नेमकं संरक्षण, आणि जी बाई पायी दुकानात जाते तिला ‘तुम्हीच बघून घ्यायला हवं होतं’. हा भेद मला मान्य नाही.

माझी मागणी साधी आहे. जो कोणी ‘दुकान बंद’ असं लिहील, त्याने बंद होण्याची तारीख त्याच फलकावर लिहावी आणि तिची नोंद नगरपंचायतीत किंवा नगरपरिषदेत करावी. तारखेनंतर त्याच जागी तोच माणूस तोच धंदा करताना दिसला, तर पाटी खोटी होती असं धरून चालावं आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर टाकावी. दुकानं बंद करताना तशीही शासनाला कळवावं लागतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातच ती तरतूद आहे. बंद होणाऱ्याला यात नवा जाच नाही. काकांना तर अशी नोंद म्हणजे आधार वाटला असता: पाटीखाली नोंदणी क्रमांक असता, तर गिऱ्हाईक थांबलं असतं.

वक्ते म्हणतील, कायदे आहेत तर वापरा. वापरतो आहोत. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात शुल्क नाही, आणि आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. कूलरसाठी तो मार्ग खुला आहे. पण आम्ही दुसरीकडून सुरुवात केली. ग्राहकांच्या समूहाची दिशाभूल होत असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते आणि ते चौकशी करू शकतात, असं त्याच २०१९ च्या कायद्यात आहे. मी कूलरच्या दुकानावरच्या त्या फलकाचे तीन उन्हाळ्यांतले फोटो जोडले, तारखांसकट. अर्ज ताईंच्या नावाने लिहिला आणि रविवारी त्यांना वाचून दाखवला. त्यात मी पहिली मागणी कूलरच्या पंचेचाळीसशे रुपयांची लिहिली होती आणि दुसरी फलक उतरवण्याची.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि सही करायच्या आधी कागद माझ्याकडे परत सरकवला. म्हणाल्या, ‘याचा नंबर बदला भाऊ. पहिले ते पाटी काढायला लावा. पैशाचं मंग पाहू.’